‘ला’ ओढून म्हणायचा

बर्मिंगहॅमहून माझ्या मामेबहिणीच्या मुलीचा निरोप आला तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा झाले होते, तिकडे संध्याकाळचे सात. तिचे नाना, म्हणजे माझे मामू, महिनाभर अंथरुणाला खिळलेले. आता यातून उठणं नाही, असं डॉक्टरांनी घरच्यांना बसवून सांगितलेलं. पोर मला खाला, म्हणजे मावशी, म्हणते. तिनं लिहिलं होतं: ‘खाला, कलमा इंग्लिश अक्षरांत लिहून पाठव. स्पेलिंग बरोबर हवं. खाली अर्थ पण लिही. रात्री मीच असते त्यांच्याजवळ. मी नसले तर नर्सला वाचता आलं पाहिजे.’ कलमा म्हणजे आमच्या इस्लामी श्रद्धेचं वाक्य, अल्लाहशिवाय कोणी ईश्वर नाही असं सांगणारं; मरणाऱ्याच्या कानावर तेच घालतात.

भाषांतर हे माझं पोटापाण्याचं काम. सातबाराचे उतारे, जन्माचे दाखले, निकाहनामे, कोर्टाचे कागद, तीस वर्षं मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करत आले आहे. तिला वाटलं असणार, खालाला हे पाच मिनिटांचं काम. मलाही तसंच वाटलं. टेबलावर एका लग्नपत्रिकेचा लिफाफा पडला होता, तो उलटा करून मी रोमन अक्षरांत पहिला शब्द लिहिला: एल आणि ए. ‘ला’. तिथेच पेन थांबलं.

आमच्या खाडीकाठच्या गावात मशिदीच्या पडवीत पोरांना शिकवायला एक म्हातारे मौलवी होते. चटईवर आम्ही ओळीनं बसायचो आणि त्यांच्या हातात बांबूची बारीक छडी असायची. मारायला नव्हे, ताल धरायला. ‘ला इलाह इल्लल्लाह’ म्हणताना पहिल्या ‘ला’ला ते छडी चटईवर टेकवायचे आणि टेकलेली छडी सावकाश पुढे सरकवत न्यायचे. छडी सरकते आहे तोवर ‘ला’ चालू ठेवायचा. मधेच सोडला तर म्हणायचे, ‘ओढ गो पोरी, ओढ.’ का ओढायचा, ते त्या वयात त्यांनी सांगितलं नाही. पुढे अरबी व्याकरणाशी थोडी ओळख झाली तेव्हा कळलं. दीर्घ ‘ला’ म्हणजे ‘नाही’. आणि ऱ्हस्व ‘ल’ शब्दाला पुढून चिकटला तर त्याचा अर्थ ‘खचित’, ‘नक्कीच’. म्हणजे मात्रा आखूड केली की नकाराच्या जागी ठासून होकार येऊन बसतो. ऐकणारा काही तसा गैरसमज करून घेत नाही, आणि ज्याच्यासाठी म्हणायचं त्याला तर मनातलं आधीच ठाऊक. पण शिकवणारा छडी का सरकवत होता ते यातून समजतं. शिवाय ‘ला’च्या लगेच पुढे ‘इलाह’मधला हम्झा येतो, घशाला बारीक अडकवणारं ते व्यंजन. त्याच्या आधीचा दीर्घ आणखी लांबवायचा, असा पठणाचा नियमच आहे.

आपल्या लिपीला हे सहज जमतं. ‘ल’ला काना दिला की झाला ‘ला’, वाचणाऱ्याला प्रश्न पडत नाही. रोमनमध्ये एकटा ‘ए’ काहीही असू शकतो, ऱ्हस्व, दीर्घ, मधला. पोरीनं व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवला होता, ‘मला येतं, पण बरोबर येतं का माहीत नाही’ म्हणून. ऐकला. तिचा ‘ला’ निम्म्यात तुटत होता. लहानपणी तिनं तो इंटरनेटवरून उतरवून पाठ केला होता, आणि तिथे एकच ‘ए’ होता. मी लिफाफ्यावर दुसरा ‘ए’ वाढवला.

विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी या गोष्टीची पक्की सोय करून ठेवली आहे. दीर्घ स्वरावर आडवी रेघ, जड व्यंजनाखाली टिंब, हम्झासाठी वर टांगलेला स्वल्पविराम. त्यांच्या पद्धतींमध्येही आपसात फरक आहेत. जर्मन पद्धतीत ‘श’साठी ‘एस’वर छोटी टोपी येते, इंग्रजी-अमेरिकी पद्धतीत ‘एस’ आणि ‘एच’ जोडीनं येतात. या पद्धतींबद्दल मला आदर आहे, कारण त्यांत लिहिलेल्या शब्दावरून मूळ अरबी अक्षरं जशीच्या तशी परत मांडता येतात. पण रात्री अडीच वाजता मंद दिव्यात नर्स कार्ड हातात घेणार, तिला टोपी आणि टिंब काय सांगणार? अभ्यासकाला डोळ्यांसाठी लिप्यंतर हवं असतं. मला जिभेसाठी हवं होतं.

‘मी साक्ष देतो’ असं म्हणत सुरू होणारा साक्षीचा पूर्ण कलमा आहे, त्यात तर ही दोन लिप्यंतरं अगदी वेगळी पडतात. लिहिताना अरबीत ‘अन् ला’ असतं. म्हणताना ‘न’ पुढच्या ‘ल’मध्ये विरघळतो आणि ‘अल्ला’ होतो: ‘अश्हदु अल्ला इलाह इल्लल्लाह’. मराठी माणसाला हे नवलाचं वाटू नये. तत् आणि लीन मिळून आपण तल्लीन म्हणतो, उत् आणि लेख मिळून उल्लेख. संधीच ती. तसंच पुढे ‘मुहम्मदन् रसूल’ म्हणताना ‘मुहम्मदर्रसूल’ होतं. अभ्यासकाच्या पद्धतीत ‘अन्’चा ‘न’ कागदावर राहतो, पठणाच्या पद्धतीत जातो. दोन्ही बरोबरच. पण नवख्या माणसाच्या हाती पहिली पडली तर तो ‘न’ आणि ‘ल’ वेगवेगळे फोडून म्हणतो आणि वाक्याचं पाणी अडखळतं.

‘अश्हदु’ हाही असाच फसवा शब्द. रोमनमध्ये एस, एच आणि पुन्हा एच. इंग्रजी वाचणारा दोन एच बघून एक चुकीनं पडला असं समजतो आणि गाळून टाकतो, मग उरतं ‘अशदु’. ‘साक्ष’ या शब्दाचा मधला ‘ह’च गेला. म्हणून तिथे दोन एचच्या मधे छोटी आडवी रेघ द्यावी लागते. बाकी ‘ह’चं काय सांगावं! अरबीत दोन ‘ह’ आहेत. अल्लाहच्या शेवटी येतो तो हलका, छातीतून सुटणारा. मुहम्मदमधला घशाच्या खालून घासून येणारा. उर्दू शिकताना आपण त्यांना छोटी हे आणि बडी हे म्हणतो. रोमनमध्ये दोन्ही एकच एच आणि देवनागरीतही दोन्ही एकच ‘ह’. कलमा आणि कलम यांचंही असंच झालं आहे. मराठीत दोन्ही शब्द एका घरचे वाटतात. लेखणी, कायद्याचं कलम, आणि हा कलमा. मुळात कलम्याचा ‘क’ साधा, कलमचा ‘क’ पडजिभेपासून काढायचा, आणि दोघांचं एकमेकांशी नातं नाही. ही वाट मात्र इंग्रजीनं सांभाळली आहे. एकाला के, दुसऱ्याला क्यू.

आणखी एक गोष्ट इंग्रजी पोराकडे आयती असते. ‘इल्लल्लाह’मधला दुसरा ‘ल्ल’ जाड उच्चारायचा, जीभ मागून उचलून. ‘बिस्मिल्लाह’मध्ये आधी इकार असल्यानं तोच ‘ल्ल’ पातळ होतो. आमच्या गावच्या पोरांना हा जाड ‘ल’ शिकायला महिने लागायचे. पोर इंग्रजीत ‘बॉल’ किंवा ‘फुल’ म्हणते तेव्हा शेवटी जो ‘ल’ येतो, तो त्याच्या जवळ जातो. मी तिला तेवढंच सांगितलं, ‘फुटबॉलमधला शेवटचा एल आठव.’ पुढच्या आवाजात तो बरोबर आला, आणि मला मौलवींची आठवण आली.

अक्षरं अशी दोन रात्रींत लागली. अर्थाला त्याहून जास्त वेळ गेला.

इंग्रजीत या वाक्याची चाल साधारण ठरून गेली आहे: ‘देअर इज नो गॉड बट गॉड.’ पहिला गॉड छोट्या जीचा, दुसरा मोठ्या जीचा. सगळं ओझं त्या एका मोठ्या अक्षरावर आहे. अरबीत हे काम शब्दच करतात. ‘इलाह’ हे सामान्यनाम, ज्याची पूजा होते असा कोणीही. त्याला अनेकवचनही आहे. ‘अल्लाह’ एकच, त्याला ना अनेकवचन ना स्त्रीलिंग. अनेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते ‘अल्’ आणि ‘इलाह’ मिळूनच ‘अल्लाह’ झाला. म्हणजे एकाच मुळाचा शब्द आधी नाकारला जातो आणि मग तोच, एकमेव होऊन, उरतो. इंग्रजी डोळ्यांना हे मोठ्या जीमुळे दिसतं. पण कानाला? मोठं अक्षर ऐकू येत नाही. मोठ्यानं म्हटलं तर ‘गॉड’ दोनदा येतो आणि ऐकणारा गोंधळतो. मराठीत तर मोठं अक्षरच नाही. ‘देवाशिवाय देव नाही’ असं लिहून पाहिलं. वाईट नाही दिसलं. आपल्याकडेही देव हा शब्द दोन्ही कामं करतोच. गावाच्या वेशीवरचे देव वेगळे, आणि शेजारची काकू उंबऱ्यावरून ‘देव बरं करो’ म्हणायची तो देव वेगळा. ती कोणाला म्हणते आहे, हे माझ्या नानीला कधी विचारावं लागलं नाही. नानी उलट उत्तर द्यायची, ‘अल्ला करील बरं.’

मग इंग्रजीत ‘अल्लाह’ ठेवावं की ‘गॉड’? हा प्रश्न माझ्या आधी ज्या दोघांना पडला, त्या दोघांचाही मुंबईशी संबंध आहे, आणि ते मला फार जवळचे वाटतात. अब्दुल्ला युसूफ अली 1872 साली जन्मले, मुंबईत अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेत आणि विल्सन कॉलेजात शिकले, मग केंब्रिजला गेले आणि आयसीएस झाले. मार्माड्यूक पिक्थॉल हा लंडनचा इंग्रज कादंबरीकार. 1917 साली त्यानं उघडपणे इस्लाम स्वीकारला आणि 1920 साली ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक होऊन मुंबईला आला. तिथून निजामाच्या हैदराबादला. तिथल्या नोकरीत असतानाच त्यानं कुराणाचं इंग्रजी भाषांतर पुरं केलं आणि ते 1930 साली छापलं गेलं. युसूफ अलींचं भाषांतर 1934 पासून लाहोरहून भागाभागानं निघालं. मुंबईत वाढलेल्या, घरी जन्मापासून अल्लाहचं नाव ऐकलेल्या युसूफ अलींनी इंग्रजीत ‘गॉड’ लिहिलं. आणि इंग्रज पिक्थॉलनं ‘अल्लाह’ तसाच ठेवला, कारण इंग्रजीत त्याला जोड नाही असं त्याचं म्हणणं. गॉडचं गॉडेस होतं, गॉड्स होतात, अल्लाहचं काहीच होत नाही. ज्याची जी मातृभाषा, त्यालाच तिच्या शब्दाचं तोकडेपण आधी दिसलं. युसूफ अली गेल्यानंतर निघालेल्या सुधारित आवृत्त्यांमध्ये त्यांच्या ‘गॉड’च्या जागी ‘अल्लाह’ घातला गेला. आज पुष्कळांना ठाऊकही नसतं की मूळ पुस्तकात तो नव्हता.

मी या वादात युसूफ अलींच्या बाजूनं आहे. मूळ अरबी ओळ म्हणताना अल्लाहच म्हणायचं, त्यात वाद नाही. पण अर्थ सांगताना ‘देअर इज नो गॉड बट अल्लाह’ असं म्हटलं की अनोळखी इंग्रजी कानाला ते एका जमातीच्या देवाचं नाव वाटतं. यांचा अल्लाह, त्यांचा आणखी कोणी. वाक्य जे सांगतं त्याच्या बरोबर उलट. अरब ख्रिस्ती माणूसही आपल्या प्रार्थनेत अल्लाहच म्हणतो, अरबी बायबलात पहिल्या ओळीत तोच शब्द आहे. हे वाक्य दोन नावांची तुलना करत नाही. ते म्हणतं, पूजावं असं दुसरं काही नाहीच. पैसा नाही, सत्ता नाही, आपला स्वतःचा हट्ट नाही. सौदी अरेबियातून छापून जगभर फुकट वाटलेल्या एका इंग्रजी भाषांतरात म्हणून ‘पूजेचा हक्क अल्लाहशिवाय कोणालाही नाही’ असं लांबवून लिहिलं आहे. अर्थ म्हणून ते सरळ आहे. व्याकरणकारही सांगतात की मूळ वाक्यात एक शब्द अध्याहृत आहे आणि तो मनात भरायचा असतो. पण अध्याहृत शब्द कागदावर भरला की ओळ उरत नाही, टीप होते. चार शब्दांचं वाक्य आहे ते. श्वास सोडता सोडता म्हणता येईल असं.

शब्दांच्या क्रमाचंही मी खूप मनावर घेतलं. अरबीत ‘नाही’ सर्वांत आधी येतं. क्रियापद नाहीच, ‘आहे’ नाही. सुफी त्याला नफी आणि इस्बात म्हणतात, आधी सगळं झटकून टाकायचं आणि मग ठेवायचं. काही सिलसिल्यांत, म्हणजे सुफी परंपरांत, जिक्र म्हणजे नामस्मरण करताना ‘ला इलाह’ला मान एका बाजूला वळवतात आणि ‘इल्लल्लाह’ हृदयावर आणून टेकवतात. इंग्रजीत ‘देअर इज’ आधी म्हणावं लागतं, म्हणजे नकाराच्या आधी ‘आहे’ येऊन बसतो. मराठीत तर ‘नाही’ शेवटाला: अल्लाहशिवाय कोणी ईश्वर नाही. मान हृदयावर टेकवायची वेळ येते तेव्हा जिभेवर ‘नाही’ असतं. म्हणून मराठीत मी क्रम उलटा करते. ‘नाही कोणी देव, एक अल्लाह सोडून.’ बोलण्यात आपण असं म्हणतोच की. ‘नाही कोणी माझं, तुझ्याशिवाय.’

दुसऱ्या अर्ध्याबद्दल, ‘मुहम्मद रसूलुल्लाह’बद्दल, फार बोलायचं नाही, फक्त एक सांगते. इंग्रजी वर्तमानपत्रांत आणि जुन्या पुस्तकांत हे वाक्य ‘...अँड मोहमेद इज हिज प्रॉफेट’ असं सर्रास येतं. पहिल्या कलम्यात ‘आणि’ नाही, ‘त्याचा’ असंही नाही, आणि प्रॉफेट म्हणजे नबी, तर इथे शब्द आहे रसूल, निरोप देऊन पाठवलेला. जुने इंग्रज भाषांतरकार ‘अपॉसल’ म्हणत. त्या ग्रीक शब्दाचा अर्थही पाठवलेला असाच, पण तो येशूच्या शिष्यांना चिकटून गेलेला. आता ‘मेसेंजर’ रूढ आहे. मला विचाराल तर मराठीला इतका नेमका शब्द मिळाला तितका इंग्रजीला मिळाला नाही: प्रेषित. पाठवलेला. एवढंच, कमी नाही, जास्त नाही.

जास्त झालं की काय होतं त्याचा नमुना सन 1027-28चा आहे. गझनीच्या महमुदानं लाहोरला, तेव्हाच्या महमूदपुरात, चांदीचे टंके पाडले. एका बाजूला अरबीत कलमा आणि दुसऱ्या बाजूला शारदा लिपीत संस्कृत: ‘अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद’. कलम्याचं भारतीय भाषेतलं इतकं जुनं भाषांतर हातात घेऊन बघता येतं, याचं मला अप्रूप आहे. कोण पंडित असेल तो, नाव राहिलेलं नाही. ‘अव्यक्त’ हा शब्द त्यानं केवढा विचार करून निवडला असेल! गीतेच्या बाराव्या अध्यायातला अव्यक्त. ज्याला रूप नाही, मूर्ती नाही, त्याच्यासाठी याहून चांगला शब्द त्याच्या भात्यात नव्हता. पण रसूलसाठी त्यानं ‘अवतार’ घेतला, आणि देव माणूस होऊन उतरत नाही हेच तर कलमा सांगतो. शिवाय ‘ला’ गेलाच. ‘अव्यक्त एक आहे’ उरलं, ‘दुसरा कोणी नाही’ गळलं. मी त्या पंडिताला दोष देत नाही. समोरच्या वाचकाच्या घरातले शब्द घेऊनच भाषांतर करावं लागतं, आणि त्या शब्दांना त्या घराचा वास येतो. सातबाऱ्याचा उतारा इंग्रजीत करताना मला हे रोज दिसतं.

इंग्लंडमधला कलमा याहूनही जुना आहे. आठव्या शतकात मर्सिया या तिथल्या जुन्या राज्याचा राजा ऑफा यानं सोन्याचं एक नाणं पाडलं. समोर नमुना होता अब्बासी खलिफा मन्सूरचा दिनार, हिजरी 157चा. कारागिराला अरबी येत नव्हती. त्यानं बघून बघून रेघा उतरवल्या, काही चुकवल्या, पण ‘ला इलाह इल्लल्लाह’ वाचता येतं. दुसऱ्या बाजूला ‘मुहम्मद रसूल अल्लाह’ या ओळींच्या मधे त्यानं लॅटिनमध्ये ‘ऑफा रेक्स’ कोरलं. अरबी सुलट धरली तर राजाचं नाव उलटं येतं. ते नाणं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इंग्रजांच्या देशात कलमा असाही उमटला, अक्षर न कळणाऱ्या हातानं, पण मन लावून. माझ्या पोरीला मी त्याचा फोटो पाठवला. तिनं उत्तर पाठवलं: ‘हा माझ्यासारखाच आहे, खाला. बघून बघून लिहितो.’

‘शहादत’ या शब्दापाशीही मी बराच वेळ होते. साक्ष. इंग्रजीत ‘आय बेअर विटनेस’ म्हणतात. विटनेस हा शब्द ‘जाणणं’ या अर्थाच्या मुळातून आला. आपला साक्षी म्हणजे ज्याच्याजवळ डोळा आहे तो, स आणि अक्ष. अरबीचा ‘शहिद’ हा धातूही हजर असणं, डोळ्यांदेखत असणं याच अर्थाचा. त्यातूनच शहीद आला, जीव देऊन साक्ष देणारा. ग्रीकमध्येही तसंच झालं, ‘मार्टर’ हा शब्द मुळात साक्षीदारच. कोर्टात मी दुभाषी म्हणून उभी राहिले आहे, शेकडो माणसांच्या तोंडून ‘मी साक्ष देतो’ ऐकलं आहे. ज्यानं प्रत्यक्ष पाहिलं त्याचा आवाज वेगळा लागतो. पण देवाला कोणी पाहिलं? मग साक्ष कशाची? कुराणात एके ठिकाणी आधी खुद्द अल्लाहनंच साक्ष दिल्याचं म्हटलं आहे की त्याच्याशिवाय पूज्य नाही, मग फरिश्त्यांनी, मग ज्ञानवंतांनी. तिथे वाचलं की थोडा धीर येतो. आपण शेवटच्या रांगेतले साक्षीदार, पुढच्यांचं ऐकून हात वर करणारे.

चौथ्या रात्री कार्ड तयार झालं. वर रोमनमध्ये दोन्ही कलमे, खाली अर्थ. पाठवायच्या आधी मोठ्यानं वाचून पाहिलं, आधी इंग्रजी अर्थ, मग अरबी. आणि तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला जाणवलं. ‘बट गॉड’ म्हणताना ‘ब’ला ओठ मिटतात. मराठीत ‘देव’ म्हणताना ‘व’ला ओठ दातांशी जातो, ‘शिवाय’ म्हणताना पुन्हा. ‘ला इलाह इल्लल्लाह’ म्हणताना ओठ एकदाही मिटत नाहीत. सगळ्या वाक्यात अक्षरं तीनच आहेत, अलिफ, लाम आणि हे, फिरून फिरून बारा वेळा तीच. ओठांचं एकही नाही. जुन्या लोकांनी हे कधीच सांगून ठेवलेलं आहे. माझ्या कानावरूनही गेलं असणार, पण तोंडात त्या रात्री कळलं. आरशासमोर उभं राहून म्हटलं. तोंड जरासं उघडं, ओठ जागच्या जागी, आणि आत जीभ फक्त दातांमागे टेकते आणि सुटते. बाहेरच्या माणसाला पत्ताही लागणार नाही. ज्याच्यात ओठ हलवायचंही त्राण उरलेलं नाही, तोही म्हणू शकेल.

मग मी कार्ड पुन्हा लिहिलं. मरणाऱ्यापाशी ‘ला इलाह इल्लल्लाह’चं तल्कीन करा, म्हणजे ते हळूच त्याच्या कानावर घाला, असं हदीसमध्ये, प्रेषितांच्या वचनांत, आहे. तेवढाच अर्धा भाग. साक्ष, प्रेषिताचं नाव, सगळं मी काढून टाकलं. मामूंनी ते आयुष्यभर म्हटलेलं होतं. एकच ओळ ठेवली, मोठ्या अक्षरांत, तुकडे पाडून, ‘ए’ दोन-दोन. त्याखाली इंग्रजीत एक ओळ अर्थ, मोठ्या जीसकट. आणि त्याखाली तीन सूचना. हळू म्हणा. ‘तुम्हीही म्हणा’ असा आग्रह करू नका. त्यांनी एकदा म्हटलं की थांबा, परत म्हणायला लावू नका. तिसरीच्या पुढे कंसात लिहिलं: ओठांकडे नको, जिभेकडे बघा.

नर्सनं पहिल्या रात्री ‘आय-लाहा’ वाचलं. इंग्रजी डोळ्याला एकट्या ‘आय’चा दुसरा उच्चार सुचत नाही आणि माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. पोरीनं तिला तोंडानं म्हणून दाखवलं, दोनदा, तीनदा. मग ती बाई जेवणाच्या सुट्टीत कार्ड घेऊन म्हणत बसली होती म्हणे.

पाचव्या की सहाव्या दिवशी पहाटे फोन वाजला. व्हिडिओ होता. पोरीनं फोन उशाशी कशाला तरी टेकवून ठेवला होता, मला मामूंचा चेहरा बाजूनं दिसत होता. दाढी कोणीतरी विंचरलेली. तोंड अर्धवट उघडं, ओठ सुकलेले, नर्स ओल्या कापसानं ते टिपत होती. पोर वाचत होती. ‘ला’ लांब होता, पुरेसा लांब. एकदा म्हटलं, थांबली. मामूंचे ओठ हलले नाहीत. नर्सनं तिच्याकडे पाहिलं. पोर वाकली, अगदी जवळ, आणि तिनं फोनही उचलून जवळ आणला. खालच्या दातांमागे जीभ दिसत होती. ती वर गेली, टेकली, सुटली. पुन्हा टेकली.

पोरीनं कार्ड पालथं करून चादरीवर ठेवलं आणि त्यांचा हात धरला. मग ती काही बोलली नाही.